हसुरामकाकांची जर्मन परीक्षा

आमच्या रंगाच्या कारखान्यात मशिनं बसवायला आलेल्या जर्मन साहेबाला बॉयलर सांभाळणाऱ्या हसुरामकाकांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "सायेब, तुमी जर्मनची कुठली परिक्षा पास हाव?" साहेबाच्या इंग्रजीचं मराठी करायचं काम टाइम ऑफिसातला क्लार्क म्हणून माझ्याकडे होतं. साहेब हसून म्हणाला, ती माझी मातृभाषा आहे, परीक्षा कशाला देऊ? मी ते सांगितलं, तेव्हा काकांनी बॉयलरची काच पुसता पुसता मान हलवली. "म्हंजे कागद नाय. मंग मान्यता कोनाची?"

हा प्रश्न ते सगळ्यांना विचारत. गावात नवा डॉक्टर आला, त्याला विचारला. एसटीच्या नव्या वेळापत्रकाला विचारला. मला सांगून आलेली मुलगी उत्तम गाते, असं मी लाजत लाजत सांगितलं तेव्हाही तोच प्रश्न! मी चार दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातच आलं नाही.

त्यांच्याच घराच्या पडवीलगतची खोली मी भाड्यानं घेतली होती. आता त्या भागात जुईनगर नावाचं स्टेशन आहे. तेव्हा जुई हे साधं आगऱ्यांचं गाव होतं, पुढे भातखाचरं आणि मागे खाडी. काका मुंबईच्या एका गिरणीत आठ वर्षं बॉयलरवर हेल्पर होते. वाफ नुसत्या आवाजावरून ओळखायचे. पण वरची जागा रिकामी झाली तेव्हा ती मिळाली सर्टिफिकेटवाल्या एका पोराला, आणि त्या पोराला बॉयलर पेटवायला काकांनीच शिकवलं. पुढं सरकारी परीक्षा दुसऱ्या खेपेला पास होऊन त्यांनी सर्टिफिकेट मिळवलं आणि देव्हाऱ्याशेजारी फ्रेम करून लावलं. रोज गणपतीला वाहिलेलं एक फूल त्यालाही मिळे.

याच देव्हाऱ्यात, तसबिरीच्या मागे, हॅम्बुर्गहून आलेला एक लिफाफा होता.

काकांचा एकुलता एक मुलगा नारू बोटीवर खलाशी होता. तो हॅम्बुर्गला उतरला आणि तिथंच गोदीत कामाला लागला. नारूचा आणि अक्षरांचा संबंध जेमतेम. बोटीवर होता तोवर रत्नागिरीकडचा एक सोबती त्याची पत्रं लिहून द्यायचा. बोट सुटली, पत्रं थांबली, आणि वर्षभरानं हे पाकीट आलं. वर पत्ता कुणा परदेशी वळणाच्या अक्षरात लिहिलेला, म्हणजे आतही जर्मनच असणार. मी म्हटलं, साहेबाकडून वाचून घेऊ. काका खवळले. "घरचा कागद परक्याच्या हाती? आनि त्याला तरी कुठं मान्यता हाय? मी सोता परिक्षा देनार. पास झालो का मंगच फोडनार."

हिराकाकीनं, त्यांच्या बायकोनं, लिफाफा पुन्हा तसबिरीमागे सरकवला. काकी गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत धवले गाते ती धवलारीण, आणि तिच्याशिवाय लग्न लागलं असं कुणी मानत नाही. काकीनं पंचक्रोशीतली निम्मी लग्नं गाऊन लावली होती. नारूसाठी तिनं एक वेगळा धवला जुळवून ठेवला होता. तो कुणाच्याही लग्नात ती म्हणायची नाही.

मग काकांची परीक्षा निवडणं सुरू झालं. मी विद्यापीठाच्या सर्टिफिकेट कोर्सची माहिती आणली. "ही मान्यता आपल्या सरकारची. जर्मनीत तिला कोन विचारतं?" दादरच्या एका क्लासचं पत्रक आणलं, पोस्टानं धडे आणि पोस्टानंच परीक्षा. "पोष्टाचा शिक्का म्हंजे मान्यता नाय, भाऊ." शेवटी फोर्टातल्या एका जर्मन संस्थेची परीक्षा काढली, थेट जर्मनीची. आता बोला! काका बराच वेळ विचार करून म्हणाले, "जर्मन्या दोन हायत. ही कुठलीची?"

यात दोन वर्षं गेली. अभ्यास मात्र चालूच होता. एक जुनं क्रमिक पुस्तक घेऊन ते बॉयलरपाशी पुटपुटत बसायचे. एक दिवस साहेब मला म्हणाला, तुमचा बॉयलरवाला माझं वर्तमानपत्र सरळ वाचतो, मग परीक्षेला घाबरतो कशाला? मला काकांचा रागच आला. माझे इतके हेलपाटे काय गंमत म्हणून होते?

पुढच्या शनिवारी रजा टाकून ठाण्याला एसटीनं आणि तिथून फोर्टाला गेलो, फॉर्म आणला, आणि रविवारी दुपारी तो पडवीत काकांपुढे ठेवला. "ही पश्चिम जर्मनीची. हॅम्बुर्ग पश्चिमेतच. लेखी आहे, तोंडी आहे, शिक्का आहे. आता काय राहिलं?"

काका फॉर्मकडे बघत राहिले. "मान्यता..." म्हणत त्यांनी तो मांडीवर घेतला. मग हळूच म्हणाले, "पास झालो तर वाचून दाखवावा लागंल ना, भाऊ."

"दाखवायचाच आहे की!"

आतून काकी आली. हात ओले होते, ते तिनं पदराला पुसले आणि देव्हाऱ्यातून लिफाफा काढून काकांच्या मांडीवर ठेवला. "दोन वरसं झाली, तुमी हा फोरताव नि परत चिकटवताव. भाताची खल माज्याच टोपातली हाय. मना काय कलत नाय? आत फोटू हाय, तो बी हाताला लागतो."

काकांनी मान वर केली नाही. मी तिथून उठायला हवं होतं, पण उठलो नाही.

"लगीन केलंन त्यानं?" काकीनं विचारलं.

"केलंन. तिनंच लिवलंय. कचेरीत केला."

"येनार हाय?"

"नाय."

काकी उंबऱ्यावर बसली.  मला वाटलं, आता ही रडणार. तिनं घसा साफ केला आणि धवला सुरू केला. तोच असावा, मी तो कधी ऐकला नव्हता. नवऱ्याचं नाव आलं, नारायण. पुढे नवरीच्या नावाची जागा आली आणि ती थांबली.

"नाव काय तिचा?"

काकांनी लिफाफा उघडलाच नाही. "गीझेला," ते म्हणाले.

"गिजला?"

"गीझेला. पयला लांब."

काकीनं ते चालीत बसवून पाहिलं. बसेना. "पुन्यांदा सांगा."

काकांनी पुन्हा सांगितलं. फॉर्म त्यांच्या मांडीवरून खाली पडला होता. तिसऱ्यांदा सांगताना त्यांचा आवाज फुटला, पण उच्चार चुकला नाही. काकीनं डोळे मिटून ते नाव नीट घेतलं आणि पहिल्यापासून सगळा धवला पुन्हा म्हटला.