पैरा फेडणारी तुळसाआत्या

मी एकदा तुळसाआत्याला दवाखान्यात केसपेपर काढून दिला. फार तर दहा मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या चौथीच्या वर्गात येऊन बसली आणि शाळा सुटेपर्यंत उठली नाही. "तुमचा पैरा फेडतीया, बाई," म्हणाली. मी शिकवत होते, ती पोरांवर डोळे वटारत होती. गणिताच्या तासाला एकानंही चुळबूळ केली नाही, हे मात्र कबूल करते.

पैरा म्हणजे आज तू माझ्या शेतात राब, उद्या मी तुझ्या. आत्याच्या डोंगरातल्या गावात भातलावणी अशीच व्हायची. ते गाव धरणात गेलं आणि माणसं तासगावाकडच्या या माळावर, वसाहतीत आली. इथं भात कुठलं, जिकडं तिकडं द्राक्षं. आत्याचं भात सुटलं, पैरा काही सुटला नाही. एकीनं बेदाण्याच्या शेडवर कामाला जायचं, दुसरीनं तिची पोरं सांभाळायची, दुसऱ्या दिवशी उलट. बाळंतपणाला पैरा, आजारपणाला पैरा. भांडणालासुद्धा. "आज तू हिच्या बाजूनं वरड, उद्या ही तुझ्या बाजूनं वरडंल."

पुढं बायकांचा गट झाला, नाचणीचे पापड सुरू झाले. मी मूळची तासगावची, डोंगर धड पाहिलेलाही नाही. पण अर्ज लिहिता येतात एवढ्या गुन्ह्यासाठी गटाचे कागद माझ्या गळ्यात पडले. शाळा, घर, वर हे. खरं सांगते, मी पार थकून गेले होते. एकदा तालुक्याहून साहेब आले. त्यांनी विचारलं, "अध्यक्ष कोण?"

"आज मी, उद्या ही," आत्या म्हणाली.

"असं चालत नाही, आजी."

"आमचं चालतंय की वो. तुमीबी एकदा करून बगा."

साहेब चहा न घेता गेले. पुढचे चार महिने मी नुसते अर्ज खरडत होते.

या सगळ्यात आत्याचे डोळे गेले वाया. दोन्हीकडं मोतीबिंदू. डाळीतला खडा दिसेना, समोरचं माणूस आवाजावरून ओळखायची. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर करा, नाहीतर दिसायचं बंद होईल. गटातल्या बायका रोज मागं लागायच्या, "आत्ये, मी येते सोबत." आत्याचं एकच, "बगू की, सुगी झाल्यावर." अशा दोन सुग्या झाल्या.

गेल्या महिन्यात शाळेच्या कामानं सांगलीला गेले होते. जाता जाता डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचं विचारायला शिरले, तर बाकावर आत्या. एकटीच. नर्स वैतागलेली. "सोबत माणूस असल्याशिवाय ऑपरेशन होत नाही म्हणून सांगितलंय. मागच्या खेपेलाही अशाच परत गेल्या."

मी तिथंच भडकले. "आत्या, वसाहतभर बायका आहेत! एकीला तरी आणायचं. का नाही आणलं?"

ती पदराचं टोक चुरगळत बसली. मग हळूच म्हणाली, "या वयात कुनाचा दिस घिऊ, बाई? फेडायच्या आदीच गेले म्हंजी?"

आयुष्यभर दुसऱ्यांच्या अडीनडीला धावलेली बाई ही. स्वतःसाठी कुणाचा एक दिवस मागायची तिला भीती वाटत होती. मला तिचा राग आला, आणि रडूही आलं. शाळेचं काम गेलं खड्ड्यात म्हटलं आणि नर्सच्या हातातला फॉर्म घेतला. सोबतच्या माणसाचं नाव म्हणून माझं नाव लिहिलं.

"नातं?" नर्सनं विचारलं.

मी नातं काय लिहिणार?

आत्यानं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. "माजी गाववाली हाय ती."

"गाव कुठलं?"

आत्यानं पाण्याखाली गेलेल्या गावाचं नाव सांगितलं. माझ्या नावापुढं मी तेच लिहिलं.