मधल्या खुर्चीतला आवाजचोर

अख्ख्या सोलापुरात खरा गुप्तहेर एकच, आणि तो लुगडं नेसतो, असं निंगव्वाचं स्वतःबद्दल ठाम मत होतं. हे मत तिनं कुणाला विचारून बनवलं नव्हतं. शाळा तिसरीत सुटली, त्यात नुकसान झालं असेल तर शाळेचं. पोलिसांना वास घ्यायला कुत्रं लागतं. निंगव्वा भवानी पेठेतल्या आपल्या ओट्यावर बसल्या बसल्या सांगायची, की आमटी कुणाची करपली आणि कुणाच्या भांडणापायी करपली. तिनं आजवर पकडलेल्या गुन्हेगारांतले निम्मेअधिक निर्दोष निघाले, ही गोष्ट वेगळी.

"निर्दोष असले म्हणून काय झालं?" ती म्हणायची. "आज न्हाय तर उद्या केलंच असतं की!"

अशा बाईच्या स्वतःच्या घरात चोरी व्हावी, तीही दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि चोरीला जावा तो चक्क आवाज!

निंगव्वाचा लेक विरेश जुने कर्णे दुरुस्त करायचा. मांडवावर बसून गावाचे कान किटवतात ते नव्हेत. एका बंद पडलेल्या टॉकीजच्या पडद्यामागून त्यानं दोन थोरले कर्णे आणले होते, परातीएवढ्या तोंडाचे. महिनोन्‌महिने गंज खरवडला, पोचे काढले, पॉलिश केलं. कर्ण्याच्या बुडाशी एक जाडजूड डबा असतो, त्याला युनिट म्हणतात. आवाज त्यात जन्मतो आणि कर्ण्यातून थोराड होऊन बाहेर पडतो. त्या दोन्ही युनिटांतल्या फाटक्या चकत्याही त्यानं बदलल्या.

आज टेंभुर्णीहून बुद्धभूषण नावाचे गृहस्थ येणार होते. हमरस्त्यालगत ते मोठं सभागृह बांधत होते. समोरच्या दुकानात रुद्रप्पा नवे कोरे स्पीकर विकायचा. त्याच्याकडचे ते खोके बुद्धभूषण आईला घेऊन आधीच ऐकून गेले होते. आता विरेशचे कर्णे ऐकून ठरवायचं होतं. पसंत पडले तर विरेशला वर्षभराचं काम. नाही तर पुण्याच्या कंपनीची नोकरी होतीच; त्याची बॅग भरून दाराआड उभी होती, आणि शेजारी सुनेची, दानेश्वरीचीही. येता-जाता निंगव्वा त्या बॅगांना पदराचा फटका मारायची, जणू त्याच पळून चालल्या होत्या.

सकाळी घराला लागूनच असलेल्या जुन्या हातमागाच्या शेडमध्ये विरेशनं दोन्ही कर्णे मांडले, वायरी जोडायला दानेश्वरीला सांगितलं, मधोमध पाहुण्यांसाठी खुर्ची ठेवली आणि गाण्यात बांधलेलं एक कानडी संतवचन लावलं. खुर्चीत बसला आणि त्याचा चेहरा उतरला.

"अव्वा, आवाज गेला."

"कुटं गेला?"

"तेच कळंना. एकेकटा लावला की दोन्ही कर्णे झकास बोलतात. दोघं मिळून लावले की मधल्या खुर्चीत नुसतं पोकळ. आवाजाचं पोटच गायब. खुर्ची सोडून कडेला सरकलं, की परत येतोय!"

"वायरी बघितल्यास का?"

"दोनदा. लाल टिपक्याच्या खुंटीला लाल वायर, दुसरीला काळी. समदं बरोबर हाय."

निंगव्वानं पदर खोचला. "दाराला कडी लाव, दानेश्वरी. तपास सुरू झालाय."

"अव्वा, पाव्हणे यायचेत की!"

"मग अर्धी लाव."

पहिल्या फटक्यात तिनं देवाला संशयातून मोकळं केलं. खंडेनवमीला तिनं घरातलं यंत्र म्हणून सोडलं नव्हतं. मिक्सर, इस्त्री, स्कूटर, विरेशचे पाने-पकडी, रंगाचे डबे, ब्रश, सगळ्याला विभूती आणि तेलात कालवलेलं कुंकू. पूजलेल्या वस्तूला दसरा होईस्तोवर कुणी बोट लावायचं नाही, हा तिचा कायदा. विरेश म्हणालाही होता, "अव्वा, एवढं एक रंगाचं काम राहिलंय," तर तिनं त्याच्या हातावर चापट मारली होती. एवढी कडक पूजा झाल्यावर देव रुसेल कशाला? काम माणसाचंच.

आणि माणूस म्हणजे रुद्रप्पा! खंडेनवमीच्या सकाळी तो शेंगाचटणी घेऊन आला होता. भाजीवालीकडून कोथिंबीरही फुकट उकळणारा माणूस चटणी वाटत हिंडतो, तेव्हा त्याच्या मनात काळं असतं. निंगव्वानं त्याला दुकानातून बोलावून शेडमध्ये उभं केलं.

"रुद्रप्पा, काल दिवसभर कुटं हुतास?"

"वळसंगला. बहिणीची म्हैस व्याली."

"साक्षीदार?"

"म्हैस."

"म्हशीला काय झालं?"

"रेडकू. मला काय हुणार?"

निंगव्वानं डोळे बारीक केले. "उत्तरं लई पटापट देतोय. पाठ करून आलाय." मग तिनं त्याला मधल्या खुर्चीत बसवलं. रुद्रप्पानं ऐकलं आणि प्रामाणिकपणे मान हलवली. "विरेश, हे असलं ऐकवलंस तर गिऱ्हाईक माझंच की रं." बोलताना त्याला खरंच वाईट वाटत होतं, आणि निंगव्वाला नेमका त्याचाच राग आला.

दुसरा तर्क खुर्चीवर. खुर्चीवर तिनं स्वतःच पाहुण्यांसाठी नवी सोलापुरी चादर घातली होती. "चादर पाणी पिते, तशी आवाज पीत असंल. सोलापूरची हाय, कमी पिणार न्हाय." चादर काढली. आवाज आला नाही. खुर्ची बदलली. नाही. शेवटी मधल्या जागी उखळ ठेवून त्यावर ती स्वतः बसली. तरी नाही.

"आता माझ्यावरच संशय घ्यायचा का?" ती गरजली. दानेश्वरीनं हसू दाबायला पाणी प्यायला सुरुवात केली.

तिसरा तर्क मात्र निंगव्वाला स्वतःलाच इतका आवडला, की तिनं तो दोनदा सांगितला. कर्ण्यात पाल शिरली आहे. एकटा कर्णा वाजतो तेव्हा ती गाणं ऐकत बसते. दोन्ही वाजले की घाबरून नळीत आडवी होते, आणि आवाज अडतो. विरेश नको नको म्हणत असताना तिनं डाव्या कर्ण्यात हात घातला. हात गेला, बांगड्या गेल्या. पाल काही मिळाली नाही, आणि बांगड्या परत यायला तयार होईनात.

नेमके त्याच वेळी पाहुणे आले. पुढे बुद्धभूषण, मागून काठी टेकत त्यांच्या आई येसूबाई.

"ह्या काय करतायत?" येसूबाईंनी विचारलं.

"तपास," कर्ण्यातून आल्यासारखा निंगव्वाचा आवाज आला.

दानेश्वरीनं करडईचं तेल ओतून सासूबाईंचा हात सोडवला. विरेशनं घाम पुसत वचन लावलं. बुद्धभूषण मधल्या खुर्चीत बसले, डोळे मिटले, उघडले.

"गोड हाय, विरेशभाऊ. पण भरीव न्हाय. हजार माणसाला काय ऐकू जाणार? कष्ट दिसतात तुमचे, पण..." ते उठले. "रुद्रप्पांकडचेच खोके घेतो."

 विरेशनं एकदा दाराआडच्या बॅगांकडे पाहिलं. निंगव्वानंही पाहिलं, आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच तिला पुढचा तर्क सुचेना.

येसूबाई एवढ्यात कर्ण्यांच्या मागे गेल्या होत्या. हे भांडं बोलतं कुठून, ते त्यांना बघायचं होतं. उजव्या कर्ण्याच्या डब्यावर त्यांनी हात टेकला आणि बोट वर केलं. बोट लालभडक.

"रंग वला हाय व्हय तुमचा?"

"वला कसा असंल, मावशी? टिपका देऊन महिना..." विरेश अडखळला. "न्हाय. महिना झाला तो डाव्या युनिटाला. ह्या उजव्याला द्यायचा राहिला हुता. खंडेनवमीला द्यायला गेलो, तर ब्रश पूजेत."

"मी तर लाल टिपका बघूनच लाल वायर जोडली," दानेश्वरी म्हणाली.

 सगळ्यांच्या माना हळूहळू एकाच दिशेला वळल्या.

"अव्वा," विरेश म्हणाला, "ह्या कर्ण्याची पूजा कुटं केलीस?"

"त्याचं तोंड तू भिंतीकडं केलं हुतंस," निंगव्वा ताठ मानेनं म्हणाली. "म्हणून काय बिनकुंकवाचा ठेवू? मागं दोन पितळी नाकं दिसली. एका नाकाला लावलं. बरं दिसत हुतं."

विरेशनं कपाळावर हात मारला. कुंकू चुकीच्या नाकाला, म्हणजे वायर जोडायच्या दुसऱ्याच खुंटीला लागलं होतं. उजव्या कर्ण्याच्या वायरी उलट झाल्या होत्या. एक कर्णा हवा पुढं ढकलायचा, तेव्हा दुसरा मागं ओढायचा. मधल्या खुर्चीपाशी दोघांची झटापट होऊन आवाज जागीच मरायचा.

"म्हंजी जात्यावर दोघी बसल्या," येसूबाई म्हणाल्या, "आन् एक हिकडं वढती, दुसरी तिकडं. पीठ कुटनं पडणार?"

विरेशनं वायरी अदलाबदल केल्या. वचन पुन्हा सुरू झालं, आणि या वेळी गाणारा दोन कर्ण्यांच्या मधे येऊन उभाच राहिला. पत्रे थरारले. येसूबाईंनी त्याच मधल्या खुर्चीत बसकण मारली आणि काठी मांडीवर आडवी घेतली. वचन संपलं तरी उठेनात.

"भूषण, हेच घे," त्या म्हणाल्या. "खोक्यातला माणूस खोक्यातनंच बोलत हुता. ह्यो समोर आलाय."

बुद्धभूषण हसले आणि सभागृहाचा नकाशा काढून विरेशपुढं पसरला. दानेश्वरीनं गुपचूप दाराआडच्या दोन्ही बॅगा आत नेल्या. मग डब्यातनं आपली लाल नेलपॉलिश आणली, उजव्या युनिटाच्या चुकीच्या नाकावरचं कुंकू पुसलं आणि ती योग्य नाकाला लावली.

रुद्रप्पा उंबऱ्यातच उभा होता. गिऱ्हाईक गेलं होतं, पण अब्रू परत घ्यायची होती. "निंगव्वा, मला म्हशीची साक्ष काढायला लावलीस. आता समद्यांपुढं सांग की. चोर कोण निघाला?"

निंगव्वा येसूबाईंच्या शेजारी जाऊन बसली. त्यांचा लाल बोटाचा हात तिनं मायेनं आपल्या मांडीवर घेतला, पदराचं टोक पाण्यात भिजवलं आणि बोट घासघासून लख्ख पुसलं.

"पुरावा कुटाय?" ती म्हणाली.