वाक्य खरंच हवं!

"तीन दिवस! तीन दिवसांत अख्खं हॉटेल फाडफाड इंग्रजी बोलायला लागलं नाही, तर माझं नाव बदलून ठेवा!"

मॅनेजरसाहेबांनी जेवणाच्या हॉलमधल्या टेबलावर अशी काही थाप मारली, की मीठदाणी आडवी झाली. समोर श्रोते तिघं: गेटवरचे वॉचमनकाका, आचारी आणि खोल्यांची झाडलोट बघणाऱ्या मावशी. चौथी श्रोती म्हणजे साहेबांची बायको. ती पलीकडे काउंटरवर होती. एका कानाला फोन, एका हाताने पाहुण्याला किल्ली देणं चालू, आणि डोळे मात्र नवऱ्यावर. त्या डोळ्यांत काय होतं ते पाहायला साहेबांना सवड नव्हती.

आता एवढी घाई कशाला? तर साहेब मॅनेजर होते खरे, पण हंगामी. दोन वर्षं नुसते हंगामी! शुक्रवारी कंपनीचे तपासनीस येणार होते. त्यांनी मान डोलावली की साहेब कायम. नाही डोलावली तर नोकरीही गेली आणि हॉटेलच्या मागच्या दोन खोल्यांत मांडलेला संसारही रस्त्यावर आला! त्या विचाराने साहेबांना रात्री दरदरून घाम फुटे. मग ते कूस बदलत आणि पुन्हा घोरायला लागत.

आणि इंग्रजीच का? त्यामागे एक जखम होती. मागे एका पाहुण्याला साहेब मोठ्या अदबीने म्हणाले होते, "आय एन्जॉय टू सर्व्ह यू!" पाहुणा नेमका निघाला इंग्रजीचा प्राध्यापक. "एन्जॉयला टू चालत नाही हो. एन्जॉय सर्व्हिंग म्हणा," असं त्याने चारचौघांत सांगितलं. तेव्हापासून साहेबांनी व्याकरणाचं एक पुस्तक असं काही वाचलं, की त्याची पानं सुटली. शेवटी ते या निष्कर्षाला आले, की सगळं इंग्रजी जेरंड आणि इन्फिनिटिव्ह या दोन खांबांवर उभं आहे. तपासनीसही तेच विचारणार, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"नीट ऐका," साहेब म्हणाले. "एन्जॉय, फिनिश, स्टॉप. यांच्या मागून जे क्रियापद येतं त्याला 'इंग'ची शेपटी लागते. तो जेरंड. आणि वॉन्ट, प्रॉमिस, रिफ्यूज. यांच्या मागून येणाऱ्याच्या पुढे 'टू' चालतो. तो इन्फिनिटिव्ह. झालं इंग्रजी! समजलं?"

"शेपटी समजली," आचारी म्हणाला.

"पुरे आहे! आता माझी पद्धत. पाठ केलेलं इंग्रजी दुसऱ्या दिवशी उडून जातं. म्हणून प्रत्येकाला मी एकच क्रियापद देणार, आणि त्याचं वाक्य तुम्ही स्वतः घडवून आणायचं. नियम एकच. वाक्य खरंच हवं! खोटं वाक्य मी खपवून घेणार नाही."

"अहो, त्यांना कामं आहेत," काउंटरवरून बायको म्हणाली. "सरळ चार वाक्यं पाठ करून घ्या ना."

"अगं, हे शिक्षणशास्त्र आहे. तुला नाही कळायचं. तू किल्ल्या बघ."

तिने किल्ल्या बघितल्या.

आचाऱ्याच्या वाट्याला आलं फिनिश, म्हणजे संपवणं. मावशींना फरगेट, म्हणजे विसरणं. आणि वॉचमनकाकांना रिफ्यूज, म्हणजे चक्क नाही म्हणणं!

पहिला नंबर आचाऱ्याचा लागला. बुधवारी दुपारी तो हात पुसत पुसत हॉलमध्ये आला आणि छाती फुगवून म्हणाला, "आय फिनिश्ड कुकिंग!" साहेबांना भरून आलं. शेपटी जिथल्या तिथे! वाक्य खरं! त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी पाहुणे जेवायला बसले, तर स्वयंपाकघर थंडगार. आचारी स्टुलावर पाय पसरून पेपर वाचत बसलेला.

"अरे, रात्रीच्या जेवणाचं काय?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, कुकिंग फिनिश झालं ना माझं? आता पुन्हा पातेलं चढवलं तर वाक्य खोटं पडेल. तपासनीससाहेबांसमोर मी खोटं बोलायचं?"

दुसरा कोणी असता तर भडकला असता, पण साहेबांचा ऊर अभिमानाने भरून आला. व्याकरणासाठी शेगडी विझवणारा माणूस बघायला मिळतो कुठे? त्यांनी पाहुण्यांना ब्रेड, काकडी आणि केळी यांचे आरोग्याला होणारे फायदे समजावून सांगितले. पाहुण्यांचे चेहरे केळ्याच्या सालीसारखे पडले. मग मागच्या दाराने गरम ऑम्लेटांचं ताट आलं आणि सगळे गप्प बसले. ते ताट कुठून आलं हे साहेबांनी विचारलं नाही. त्यांना मावशींची काळजी लागली होती.

कारण मावशी कोठीच्या खोलीत चादरींच्या ढिगाऱ्यात बसून रडत होत्या.

"काय झालं मावशी?"

"साहेब, मला विसरायला जमतच नाही हो! सकाळी ठरवलं, वरच्या खोलीत साबण ठेवायचा विसरायचं. अर्धा जिना उतरले आणि आठवलं, अगंबाई, साबण विसरायचाय! आता आठवलं म्हटल्यावर ते विसरणं कसलं? खोटंच की ते! परत वर जाऊन ठेवून आले."

"प्रयत्न करा, मावशी. दुसरं काहीतरी विसरून बघा."

"कालपासून उशा, बादल्या, पंखे, सगळं विसरून बघितलं! आयुष्यात कधी नव्हती एवढी सगळी कामं लक्षात राहायला लागलीत!"

आणि वॉचमनकाका? या माणसाने जन्मात कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं. आता ते गेटवर उभे राहून नकार द्यायला माणूस शोधत होते. भाजीवाल्याला अडवावं तर स्वयंपाकघर कायमचं बंद. टपालवाला तर त्यांचा जिवलग. शेवटी ते काउंटरवर येऊन म्हणाले, "वहिनी, तुम्ही जरा बाहेर जाऊन परत या ना. मी उघडत नाही."

"काका, मला फोन आलाय," वहिनी म्हणाल्या. काका खाल मानेने परत गेले.

गुरुवारी संध्याकाळी काकांचं नशीब उघडलं.

गेटसमोर एक किडकिडीत गृहस्थ येऊन उभे राहिले. हातात बॅग, कपाळावर घाम, चेहऱ्यावर दिवसभराच्या प्रवासाची धूळ. काकांना तर घबाडच सापडलं! अनोळखी माणूस, एकटा, आणि मागे गर्दीही नाही. त्यांनी कुलूप पुन्हा एकदा ओढून बघितलं, टाचा जुळवल्या आणि गरजले, "आय रिफ्यूज टू ओपन द गेट!"

साहेब वरच्या खिडकीत उभे होते. त्यांच्या कानांवर त्यांचा विश्वास बसेना. रिफ्यूजच्या मागे टू! आणि तोही कुणी न सांगता! त्यांना वाटलं, आला असेल कोणीतरी घरोघरी वस्तू विकणारा. त्यांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि ओरडले, "शाब्बास काका! पुन्हा एकदा!"

"आय रिफ्यूज टू ओपन द गेट!"

"अहो, माझं ऐकून तर घ्या," गृहस्थ म्हणाले. "मी..."

"ऐकू नका काका! आवाज आणखी मोठा!"

असा पाठ रंगात आला. रस्त्यावर बघे जमले. गृहस्थ गजांतून काहीतरी कार्ड दाखवत होते आणि काका डोळे घट्ट मिटून वाक्य म्हणत होते, कारण डोळे उघडले की त्यांना दया येई. साहेब वरून टाळ्या वाजवत होते. तेवढ्यात त्यांची बायको मागच्या दाराने बाहेर पडली, वळसा घालून त्या गृहस्थांपाशी गेली, कार्ड वाचलं आणि मान वर करून शांतपणे म्हणाली, "अहो, कंपनीचे तपासनीस आलेत. एक दिवस आधी."

साहेबांच्या हातातली टाळी हातातच राहिली. पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय, हे त्यांना दुसऱ्या मजल्यावर उभं असताना कळलं!

ते जिना उतरून येईपर्यंत तपासनीस मागच्या दाराने आत येऊन काउंटरशी उभे होते. ते चिडलेले नव्हते, तेच जास्त भयंकर होतं. ते फक्त म्हणाले, "काही खायला मिळेल?"

"का नाही, का नाही!" साहेब स्वयंपाकघराकडे धावले. "अरे बाबा, पेटव ती शेगडी! हात जोडतो!"

"साहेब, अजून शुक्रवार उजाडायचाय," आचारी म्हणाला. "तुम्हीच म्हणालात ना, वाक्य खरंच हवं?"

करतो काय माणूस? स्वतःच पेरलेलं उगवलं होतं. साहेब बाहेर आले तर तपासनीस टेबलाशी बसून गरम सूप पीत होते. साहेबांनी हुश्श केलं. हॉटेल आपोआप चालतं म्हणतात ते खोटं नाही, असंही त्यांच्या मनात आलं.

जेवून तपासनीस अंघोळीला गेले आणि हॉटेलात जरा शांतता पसरली. पण ती टिकते कसली! थोड्या वेळाने वरून हाक आली, "अहो, कोणी आहे का? टॉवेल! टॉवेल नाहीये इथे!"

मावशी जिन्यात होत्या. त्या जागच्या जागी थिजल्या. टॉवेल! गेटवरच्या गोंधळात त्या टॉवेल ठेवायला विसरल्या होत्या. ठरवून नाही, साफ विसरल्या होत्या! त्यांचा चेहरा उजळला. त्या बाथरूमच्या दारापर्यंत धावत गेल्या आणि दार बडवत आनंदाने किंचाळल्या, "आय फरगॉट टू कीप टॉवेल! साहेब, विसरले हो! खरंच विसरले!"

"मग आणा की!" आतून साबणाने भरलेला आवाज आला.

पण मावशी कुठल्या थांबतायत! त्या आधी आचाऱ्याला सांगायला धावल्या, मग काकांना, मग साहेबांना. सगळ्यांनी त्यांचं अभिनंदन केलं. आचाऱ्याने त्यांना केळं दिलं. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. या आनंदात टॉवेलची आठवण कोणालाच राहिली नाही, म्हणजे मावशी एकाच संध्याकाळी दोनदा विसरल्या!

शुक्रवारी सकाळी तपासनीसांनी सगळ्यांना काउंटरपाशी बोलावलं. साहेब रात्रभर जागे होते. त्यांनी जेरंड, इन्फिनिटिव्ह, पद्धत, नियम, सगळं सांगून टाकलं आणि म्हणाले, "चूक माझी आहे, साहेब. यांना काही बोलू नका. यांनी फक्त अभ्यास केला."

"इंग्रजी तपासायला मला कंपनीने सांगितलेलंच नाही," तपासनीस म्हणाले. "पाहुण्यांची सोय नीट होते का, एवढंच बघायचं होतं. बरं, मला आत कोणी घेतलं?"

"हिने. मागच्या दाराने."

"सूप कोणी दिलं?"

"ते..." साहेब अडखळले. त्यांनी बायकोकडे पाहिलं. "हिनेच असावं."

"आणि टॉवेल?"

साहेबांनी नुसतं बायकोकडे बोट केलं.

"यांना वर्गात कुठलं क्रियापद दिलं होतंत?" तपासनीसांनी विचारलं.

"हिला वर्गाला बसायला वेळ कुठे होता, साहेब!"

"मग मी देतो. अव्हॉइड. म्हणजे टाळणं. नियम तुमचाच, वाक्य खरंच हवं."

बायकोने हातातल्या किल्ल्या खाली ठेवल्या. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग तपासनीसांकडे, मग पुन्हा नवऱ्याकडे. आणि हळूच म्हणाली, "आय अव्हॉइड टेलिंग माय हजबंड दॅट आय रन धिस हॉटेल."

हे हॉटेल मी चालवते, हे नवऱ्याला सांगायचं मी टाळते!

"वा वहिनी!" आचारी ओरडला. "शेपटीसकट!"

साहेबांचं डोकं आधी सवयीने व्याकरणाकडे गेलं. अव्हॉइडच्या मागे टेलिंग. "बरोबर आहे," त्यांच्या तोंडून निघून गेलं. आणि मग अर्थ पोचला. ऑम्लेटांचं ताट पोचलं, सूप पोचलं, दोन वर्षांतल्या कितीतरी गोष्टी एकदम येऊन पोचल्या.

"वाक्य बरोबर आहे, ते कळलं," तपासनीस म्हणाले. "पण खरं आहे का?"

काका, मावशी, आचारी, सगळे श्वास रोखून बघत होते. साहेबांचे कान लाल झाले. हो म्हणावं तर नोकरी गेली. नाही म्हणावं तर, आता तुम्हीच सांगा, कुठल्या तोंडाने म्हणावं? आयुष्यात पहिल्यांदा बायकोचा त्यांना इतका अभिमान वाटला आणि स्वतःची इतकी लाज वाटली.

"खरं आहे, साहेब," ते म्हणाले. "अगदी शंभर टक्के खरं आहे."

तपासनीसांनी मान डोलावली. तीच ती मान, जिच्यासाठी एवढा आटापिटा केला होता! "मग आता कायम मॅनेजर याच," ते बायकोकडे हात करून म्हणाले. "आणि तुम्ही यांचे मदतनीस. मागच्या खोल्या तुमच्याकडेच राहतील."

मावशींनी टाळ्या वाजवल्या. काकांनी वहिनींना सलाम ठोकला आणि मग, जुनी सवय म्हणून, एक साहेबांनाही ठोकला.

तपासनीस गेल्यावर बायको जवळ येऊन म्हणाली, "अहो, रागावलात?"

"छे गं!" साहेब म्हणाले, आणि ते खरंच रागावलेले नव्हते. घर राहिलं होतं, आणि जिने राखलं तिलाच मान मिळाला होता. त्यांना इतकं हलकं वाटत होतं, की त्या रात्री ते उशीला डोकं टेकताच गाढ झोपले.

तेवढ्यात दारावर थाप पडली. वरच्या मजल्यावर नळ फुटला होता. कायम मॅनेजरने डोळेसुद्धा न उघडता नवऱ्याला कोपराने ढोसलं. "अहो मदतनीस, उठा!"

साहेब पान्हा घेऊन धडपडत जिना चढले. दोन वर्षं या हॉटेलचे मॅनेजर होते ते, पण रात्री इथले नळही फुटतात हे त्यांना त्या दिवशीच कळलं!