बोटीच्या पोटात साडेतीन तास

जगात असं एकही मशीन नाही, ज्याच्या आत माझा हात पोचत नाही! हे मी नाही म्हणत, आख्खा आळेफाटा म्हणतो. (मी सांगितल्यावर म्हणतो, पण म्हणतो!) ट्रकचा गिअरबॉक्स असो नाहीतर ट्रॅक्टरचा पंप, भरत मिस्त्रीने आत हात घातला की नट आपणहून फिरायला लागतो.

म्हणून त्या दिवशी सकाळी ओतूरच्या पारसचा फोन आला तेव्हा मला हसूच आलं. पारसचं ओतूरला हार्डवेअरचं दुकान. धरणाच्या पाण्याकाठी त्याचं थोडं रान आहे. तिथं पर्यटन केंद्र काढायचं म्हणून त्याने मुंबईकडच्या कुणा साहेबाची जुनी शिडाची बोट विकत आणली होती. लहानशीच, पण वयाने माझ्याएवढी! रानात ट्रॉलीवर, उसाच्या कडेला उभी करून ठेवलेली.

"भरतभाऊ, पाण्यात उतरवली की तळाशी पाणी शिरतंय," पारस म्हणाला. "मागं एक पाइप आहे, त्याची क्लिप ढिली झालीय. पण तिथं कुणाचा हातच पोचत नाही."

"माझा पोचतो की! अर्ध्या तासाचं काम!"

"आज?" आमची मंडळी स्वयंपाकघरातून गरजली. "चार वाजता पावणं यायचेत, ध्यानात हाय ना? हर्षालीला पोरगा लई पसंत हाय. तिसरं ठिकाण हाय ह्ये. ह्ये मोडलं तर परत कुणापुढं पोह्यांची ताटली घेऊन जाणार न्हाई म्हणतीय ती!"

ध्यानात कसं नसेल? एकुलती एक लेक माझी. मंचरच्या आदेशचं नाव निघालं की नुसती लाजायची. तिसरं ठिकाण मोडलं असतं तर मला जेवण गेलं नसतं. पण चार वाजायला अजून लई वेळ होता, आणि मला नुसतं बसवत नाही. बसलो की माझे पाय आपोआप हलायला लागतात.

दीड वाजता मी रानात पोचलो. अंगात पावण्यांसाठी घेतलेला नवा पांढरा शर्ट. त्याला ऑइल लागलं तर मंडळीने शर्टाबरोबर मलाही आपटून धुतलं असतं. म्हणून शर्ट काढला, झकास घडी करून बांधावर ठेवला. खिशात फोन, शेजारी चपला. पारस नवी क्लिप आणायला दुकानात निघाला. "मी आल्यावरच आत जा हं भाऊ," असं बजावून गेला. पण थांबणं आम्हाला ठाऊकच नाही!

बोटीत बसायच्या फळीखाली एक झाकण असतं. त्यातून डोकं आत घालायचं, आडवं व्हायचं आणि पोटावर सरपटत पार सुकाणूपर्यंत जायचं. ही जागा बनवणाऱ्याने मिस्त्री म्हणून मांजर नेमलेलं असणार! एक हात पुढे, त्यात पाना. दुसरा हात अंगाखाली. बॅटरी धरायला हातच उरला नाही, म्हणून ती दातात धरली. क्लिप समोर दिसत होती. वीतभर अंतर उरलं होतं. मी पोट आत ओढलं, पायांनी रेटा दिला, पोचलो! पाना लावला, क्लिप सोडवली, पाइप मोकळा केला. मग सुटकेचा श्वास घेतला आणि पोट सैल सोडलं.

पोट फुगलं ते बसलंच! पट्ट्याचं बक्कल कशात तरी अडकलं. बॅटरी दात आणि समोरची फळी यांच्यात अशी ठासली गेली, की तोंड उघडेना न् मिटेना. "वाचवा" म्हणून ओरडलो तर बाहेर पडलं "घुर्रर्र... घ्राँव!" मी पाय झाडले, बोट गदागदा हलली, पुन्हा "घुर्रर्र!"

नेमके तेव्हाच पारसचे राखणदार हौशीराम बाबा भाकरी खाऊन परतले. शेजारी ऊस, बोट हलतेय, आतून गुरगुर येतेय. आमच्या जुन्नर तालुक्यात या तीन गोष्टी एका जागी दिसल्या की अंगणवाडीतलं पोरही एकच उत्तर देईल.

"बिबट्या! बोटीत बिबट्या शिरलाय!"

पण म्हाताऱ्याचं काळीज बघा! पळायचं सोडून वर चढला, धाडकन झाकण लावलं आणि कडी घातली. आत मिट्ट काळोख. होती ती बॅटरी, तीही माझ्याच नाकावर उजेड पाडत होती.

तासाभरात सगळी वस्ती गोळा झाली. पारस आला, त्याची आई जतनबाई आली. मग कुणाला तरी बांधावरचा शर्ट दिसला.

"ह्यो तर भरत मिस्त्रीचा!"

"चपला बी हायत!"

"मग मिस्त्री कुठाय?"

हौशीराम बाबा हळहळले, "वडला आत. पार वडून नेला!"

"शर्टाची घडी घालून?" पारसने विचारलं.

"अनुभवी असंल," बाबा म्हणाले.

आणि हे लोकांना पटलं हो! मी आत धडधाकट, आणि बाहेर माझे गुण गायला सुरुवात! "लई चांगला माणूस व्हता." "बोलायचा जरा जास्त, पर मनानं साफ." मला राग येत होता, रडू येत होतं, आणि सगळ्यांत जास्त घड्याळ छळत होतं. किती वाजले असतील? पोरीचा बापच घरी नाही म्हटल्यावर पावणे काय समजतील? मी "घुर्रर्र" केलं. बाहेरची माणसं दहा पावलं मागे पळाली.

मग वनखात्याची गाडी आली. झाकणाच्या तोंडाशी पिंजरा लावला गेला, बेशुद्धीच्या इंजेक्शनची बंदूक भरली गेली. तेवढ्यात जतनबाई पुढे झाल्या.

"थांबा! त्याने काय खाल्लं ते खाल्लं, पण मुका जीव आहे. एवढ्या उन्हात आत कोंडलाय. इंजेक्शनाआधी त्याला पाणी तरी पाजा."

जतनबाईंपुढे वनखात्याचंही काही चालेना. त्यांनी बोटीत बसायच्या जागी साचलेलं पाणी बाहेर जायला जे भोक असतं, त्यात आख्खा हंडा ओतला. त्याच भोकाखालचा पाइप मी मोकळा करून ठेवलेला! सगळा हंडा माझ्या तोंडावर! त्या दणक्याने बॅटरी दातांतून निसटली आणि मी जीव खाऊन ओरडलो, "मी भरत हाय! भरत मिस्त्री!"

"आरं देवा!" हौशीराम बाबा किंचाळले. "सबंध गिळलाय! पोटातनं बोलतोय!"

वनखात्याचे साहेब मात्र शहाणे. त्यांनी झाकणाला कान लावून विचारलं, "मिस्त्री, बिबट्या कुठाय?"

"बिबट्या न्हाई वो! मी एकटाच हाय! अडकलोय!"

झाकण उघडलं तोच बांधावरचा फोन वाजला. पारसने स्पीकर लावला.

"कुठं हाय तुमी?" मंडळीचा आवाज. "पावणं येऊन बसलेत!"

"वहिनी, भरतभाऊ बोटीच्या पोटात अडकलेत," पारस म्हणाला.

"आलोच!" मी आतून ओरडलो. "धा मिनिटांत आलो! मी येईस्तोवर बोलणी सुरू करू नका!"

मग ती म्हणाली, "पारसभाऊ, जीवाला धोका न्हाई ना?"

"अजिबात नाही."

"मग सावकाश काढा. घाई करू नका. खरचटंल त्यांना."

माझे डोळेच भरून आले. पावणे दारात, पोरीचं सगळं पणाला लागलेलं, आणि हिला माझ्या अंगाच्या खरचटण्याची काळजी! पंचवीस वर्षांत इतकं गोड कधी बोलली नव्हती.

पट्टा कापून, दोन किलो गोडेतेल ओतून, वनखात्याच्या दोन गड्यांनी पाय धरून मला बाहेर ओढलं तेव्हा पाच वाजले होते. पँट आतच राहिली. जतनबाईंनी टॉवेल दिला. त्यावर नवा शर्ट चढवून मी पारसच्या गाडीत बसलो आणि आमचं गाव बोरी येईपर्यंत एकसारखा "पळव, पळव!" करत राहिलो.

दारात पोचलो तर पावण्यांची गाडी निघालेली. आदेशच्या वडिलांनी आतूनच हात जोडले न् गाडी वळली. मोडलं! माझ्या पायी माझ्या लेकीचं मोडलं!

आणि हर्षाली धावत आली, तेलकट बापाच्या गळ्यात पडली. "पप्पा, जमलं!"

मी तिथंच ओट्यावर बसून रडलो. खोटं कशाला सांगू, हुंदके देऊन रडलो. मग जरा सावरल्यावर विचारलं, "पण माझ्याशिवाय कसं काय जमलं?"

"तुमी नव्हता म्हणूनच जमलं!" मंडळी म्हणाली. "मागच्या दोन्ही टायमाला तुमी पावण्यांना अडीच तास गिअरबॉक्स सांगत बसला. दुसरे तर च्या टाकून उठले!"

"म्हणजे मघाशी फोनवर सावकाश काढा म्हणालीस, ते..."

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पारसच्या हातावर पेढा ठेवत म्हणाली, "पारसभाऊ, बावीस तारखेला दुपारी साखरपुडा हाय. तेवढं बोटीत अजून काय काम निघतंय का बघा."

"क्लिप बसवायची राहिलीच आहे, वहिनी," पारस म्हणाला.