दोन तोंडांचा मासा

रामकिसनची बस चुकली, हा काही गुन्हा नव्हता. खताच्या कंपनीनं जास्त माल खपवणाऱ्या दुकानदारांची चार दिवसांची सहल काढली होती, कोकणातल्या समुद्रकाठच्या एका शहरात. शहराचं नाव इथं देत नाही. त्याचा यात काही दोष नाही. बस पहाटे शहागडच्या फाट्यावर यायची होती. म्हणून रामकिसन आदल्या दिवशीच शहागडला बहिणीकडं मुक्कामाला गेला, तिच्या हातच्या पुरणपोळ्या पोटभर खाल्ल्या आणि सकाळी ऊन डोक्यावर आल्यावर उठला.

घरी परत जावं, तर घनसावंगीच्या स्टँडवर निम्म्या बाजारपेठेनं त्याला फेटा बांधून निरोप दिलेला. फेटा बांधलेला माणूस दुसऱ्या दिवशी परत येऊ शकत नाही. तो बहिणीकडंच राहिला. रोज संध्याकाळी गोदावरीच्या पुलावर उभा राहून पाण्याकडं बघायचा, तेवढाच सराव.

घरी पोचल्यावर बायकोनं, सुरेखानं, उंबऱ्यातच हात पुढं केला. "फोटो दाखवा."

"फोन समुद्रात पडला."

त्यासाठी चांगला चालता फोन बहिणीच्या ज्वारीच्या कणगीत पुरून यावा लागला होता.

संध्याकाळी दुकानापुढं माणसं जमली. रिटायर झालेले मुख्याध्यापक अण्णासाहेब खुर्ची ओढून बसले. "काय काय पाह्यलं, बराबर सांग."

"दीपगृह पाह्यलं. किल्ला पाह्यला."

"ते कॅलेंडरवर बी असतंय. आणखी?"

"माशांचं म्युझियम पाह्यलं. तिथं एक मासा हाय, दोन तोंडांचा. एक तोंड इकडून, एक तिकडून."

अण्णासाहेबांनी चष्मा सारखा केला. "मंग शेपूट कुठं?"

रामकिसननं इतका विचार केला नव्हता. तेवढ्यात समोरच्या दुकानातून कारभारी आला. मागच्या साली हीच सहल त्याला मिळाली होती. रामकिसन लगबगीनं पोती मोजायला लागला, पण अण्णासाहेब कारभारीकडं वळलेच.

"कारभारी, तू गेल्तास ना? ह्या दोन तोंडांच्या माशाचं शेपूट कुठं असतंय?"

कारभारीनं तंबाखू सावकाश मळली. "मधी," तो म्हणाला. "वर निघतंय. अंधारात चमकतंय. शिरलं की डाव्या हाताच्या काचंत."

माणसं पांगल्यावर रामकिसननं त्याला गाठलं. "तू खरंच पाह्यला?"

"कशाचा पाह्यला. चारी दिवस लॉजवर पत्ते खेळून राह्यलो. समुद्राचा लई आवाज यायचा, म्हणून खिडकी लावून घेतली. तू?"

"मी शहागडलाच होतो."

"बरं."

"मंग शेपूट कशाला चमकवलं?"

"तू तोंडं दोन केली. मी थोडंबी काही लावू न्हाई का?"

हे तिथंच मिटलं असतं. पण दिवाळीच्या सुट्टीत अण्णासाहेबांनी जीप ठरवली, सगळा गोतावळा भरला, सुरेखाला घेतलं, आणि माहितगार म्हणून या दोघांना पुढच्या सीटवर बसवलं.

"मासा दिसला न्हाई," जीपमध्ये चढताना सुरेखा शांतपणे म्हणाली, "तर उद्यापासून गल्ल्यावर मी बसते. तुमी चुलीपुढं."

शहरात कारभारीनं एका पाण्याच्या टाकीला दीपगृह म्हणून दाखवलं. अण्णासाहेबांनी तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. मग म्युझियम आलं. दोघे माहितगार एकदम सर्वांच्या मागं राहिले.

डाव्या हाताच्या काचेत कासव होतं.

"ह्याला तर एकच तोंड हाय," सुरेखा म्हणाली. "ते बी आत."

"जागा बदलली असंल," रामकिसन म्हणाला. त्याला डोळ्यांपुढं चूल दिसत होती.

अण्णासाहेबांनी तिथल्या देखरेखीच्या गृहस्थांना हाक मारली. "इथला दोन तोंडांचा मासा कुठं गेला? मधी शेपूट असलेला, चमकणारा. आम्ही त्याच्यासाठी जालना जिल्ह्यातून आलोय."

गृहस्थांनी काचेकडं पाहिलं, अण्णासाहेबांकडं पाहिलं, मग त्यांच्या मागं उभ्या असलेल्या अख्ख्या जीपकडं पाहिलं.

"तो होय," ते म्हणाले. "औषधाला नेलाय. दोन्ही तोंडांना वेगवेगळं पाजावं लागतं, वेळ जातो."

अण्णासाहेबांनी समाधानानं मान डोलावली. सुरेखानं नवऱ्याकडं लग्नानंतर पहिल्यांदाच जरा आदरानं पाहिलं. पण रामकिसनचं तिकडं लक्ष नव्हतं. त्यानं कारभारीला कोपऱ्यात ओढलं.

"कसा माणूस हाय तू," तो मनापासून म्हणाला. "इथवर येऊन, असला मासा सोडून, पत्ते खेळत बसला?"