अर्ध्या मोराचा पंचनामा

उमापुरात वासिफची ओळख दुसऱ्या कुणी करून द्यायची गरज पडत नाही, तो स्वतःच देतो. "मराठवाड्यातला पहिला डिजिटल गुप्तहेर. या नजरेतून एक बाइट सुटत न्हाई." पोटापाण्यासाठी मोबाइलच्या काचा बसवतो, ते तो सांगत नाही. ते मुजाहिद सांगतो. मुजाहिद त्याचा सहायक. पगार नाही, पण गाडी मुजाहिदची असल्यामुळे नोकरी पक्की.

त्या दुपारी अदिबाच्या एम्ब्रॉयडरीच्या दुकानात मशीन मधेच थांबलं. तिच्या बहिणीच्या, समिनाच्या, ओढणीवर अर्धा मोर. शेपूटच नाही. आणि निकाह उद्यावर.

"कंप्युटरची डिस्क परत भरली," अदिबा म्हणाली. "वासिफभाई, गेल्या टायमाला तुमीच म्हणलता, आता न्हाई भरायची."

"गेल्या टायमाचा गुन्हेगार येगळा होता."

मामला असा. डिझाइनचं सॉफ्टवेअर जुनं, जुन्या विंडोजशिवाय चालत नाही. म्हणून वासिफनं लिनक्स नावाच्या दुसऱ्या सिस्टीमच्या पोटात खोटा कंप्युटर बसवून दिला होता. आख्खं विंडोज एका जाडजूड फाइलीत, आणि ती फाइल दिवसभर स्वतःतच खाडाखोड करणार. डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत, फाइलसिस्टीम, तीही त्यानंच निवडलेली, कॉपी-ऑन-राइट. म्हणजे जुन्यावर गिरवायचं नाही, बदल नव्या जागी लिहायचा. जुनं कुणाला नको असलं, तरच ती जागा सोडायची.

वासिफ खुर्चीत बसला, कीबोर्डवर टकटक केली, मान हलवली.

"पंचनाम्याला बी जागा न्हाई. गुन्हेगार लई हुशार हाय." मग डोळे मिटून, "चोर माल नेतो. इथं माल वाढतोय. म्हणजे हा उलटा चोर. शेजारच्या चकलांब्याचा."

"तो कावून आणून टाकील?" मुजाहिदनं विचारलं.

"तेच तर रहस्य हाय बे."

दुसरा संशय मोरावर. शेपटीत टाके जास्त, म्हणून डिस्कला पेलवेना.

"आख्खा मोर एका गाण्याएवढा बी न्हाई," अदिबा म्हणाली.

"कोणतं गाणं?" वासिफनं गंभीरपणे विचारलं.

कोपऱ्यातल्या बाजेवर समिना बसली होती. दोन्ही हातांना ओली मेंदी, त्यामुळे तोंडाशिवाय काही हलवता येत नव्हतं.

"वासिफभाई, पंचनामा मंजी काय?"

"स्नॅपशॉट. हात लावायच्या आधी आख्ख्या डिस्कचा फोटो. जे जसं हाय, ते तसंच जपून ठेवायचं."

"हरेक टायमाला काढता?"

"कायद्यानं."

"आन् जुने पुसता?"

"पुरावा कोण पुसतं?"

"मंग विंडोजनं दिवसभर जे खोडलं, ते समदं त्या फोटोंनी धरून ठेवलंय न्हाई का?"

मुजाहिद भिंतीकडे बघत होता. हसू दाबायला ती भिंत त्याला नेहमी उपयोगी पडायची.

"हा अँगल," वासिफ हळूच म्हणाला, "माझ्या मनात होताच."

मुजाहिदनं जुने पंचनामे एकेक करून उडवले. थोड्या वेळानं डिस्क अर्धी रिकामी. अदिबानं बटण दाबलं, सुई खडखडली, मोराला पहिलं पीस फुटलं.

वासिफ उठला. "केस बंद. फकस्त शेवटचा एक पंचनामा..."

"मुजाहिदभाई," समिना म्हणाली, "कीबोर्ड."

मुजाहिदनं कीबोर्ड उपसला आणि शेपूट पुरी होईस्तोवर मांडीवर धरून बसला.