काडीपेटीचा मेसेज

क्रेडिट कार्डावर काडीपेटी घेणारा माणूस जगात एकच असेल, आणि माझ्या नशिबाने तो माझा नवरा आहे.

एक काडीपेटी. रोज! घरात गॅस आहे, त्याला लायटर आहे, आणि आमचे काशिनाथराव बिडीला शिवत नाहीत. तरी दुपारचं जेवण झालं की पाड्यावरून उतरायचं, पोशेऱ्याच्या नाक्यावरच्या किराणा दुकानात मशीनला कार्ड टेकवायचं आणि काडीपेटी खिशात टाकून परत वर चढायचं. मूळ कार्ड माझ्या पगारावरचं, त्यांचं नुसतं जोडकार्ड. त्यामुळे मेसेज येतो मला. मी जव्हारला मुलींच्या वसतिगृहाची गृहपाल. आठवडाभर मुक्काम तिथेच, घरी जाते ती रविवारी. भर तपासणीत साहेबांसमोर मोबाइल थरथरतो. साहेब विचारतात, "अर्जंट आहे का?" आता काय सांगू, काडीपेटी आहे म्हणून?

"अहो, पण कशाला घेता?"

"चालतंय का बघितलं."

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. या माणसाला सगळंच चालतंय का बघायचं असतं. भर दुपारी बॅटरी लावून बघतील. उन्हाळ्यात छत्री उघडून अंगणात फेरी मारतील. शेजारच्या लग्नात वरातीआधी बँडवाल्याचा ढोल बडवून बघितला, तो बँडवाला अजून आमच्याशी बोलत नाही. बरं, कधी फोन करा म्हटलं तर ते नाही. पाड्यावर रेंज नाही, आणि नाक्यावरून केलाच तर "हां. बरं. ठेव." एवढ्यात यांचा संसार आटोपतो.

हे जोडकार्ड घ्यायला आम्ही दोघं बँकेत गेलो होतो. तिथल्या मॅडमनी व्याज, मुदत, दंड सगळं समजावलं. हे नुसते मान डोलावत होते. एकच गोष्ट त्यांनी पुन्हा विचारून घेतली. मॅडम म्हणाल्या होत्या, "काका, मूळ कार्ड ताईंचं. ताई आहेत तोवर तुमचं चालणार." मला वाटलं, चला, नवऱ्याला व्यवहार कळायला लागला. कसलं काय!

गेल्या रविवारी कपाट उघडलं तर काडीपेट्यांचा ढीग अंगावर आला. माझं डोकंच फिरलं.

"हे घर आहे की फटाक्याचं दुकान?"

"राहू दे. खराब नाय होत त्या," हे शांतपणे म्हणाले.

सोमवारी जव्हारला पोचल्या पोचल्या मी मोबाइलवरून त्यांचं कार्ड बंद करून टाकलं. सांगितलंही नाही. आता बसा म्हटलं चालवत!

त्या दुपारी मोबाइल गप्प. काय छान वाटलं म्हणून सांगू! पण चार वाजायच्या सुमारास फाटकाशी आरडाओरडा. बघते तर काशिनाथराव. पायात घरातल्या स्लिपरा, सदऱ्याची बटणं वरखाली, आणि मागे जीपवाला.

"ताई, भाडं द्या. हे म्हणतात, खिशात कार्डच हाय."

मी भाडं दिलं आणि यांच्याकडे वळले. चांगली खरडपट्टी काढणार होते. पण हे मला डोक्यापासून पायापर्यंत बघत होते.

"तू बरी हायेस?"

"मला काय धाड भरलीय?"

"कार्ड चाललं नाय."

"मीच बंद केलंय! आणि तेवढ्यासाठी तुम्ही इथवर आलात?"

"तू केलंस? तूच?" ते मटकन पायरीवर बसले. बाहीने घाम पुसला. "मंग बरं. ती मॅडम म्हणली होती ना, तू हायेस तोवर चालल. म्हणून मी रोज बघत होतो. आज दुकानदार बोलला, बंद झालं. मंग मी दुसरं काय समजू?"

अहो, तसं नसतं ते, असं सांगायला तोंड उघडलं खरं. पण कामाला आला तो रागच.

"फोन करायचा की मग!"

"केला असता," ते म्हणाले. "उचलला नसतास तर?"

त्यांच्यासमोरच मी कार्ड चालू केलं आणि त्यांना परतीच्या जीपमध्ये बसवलं.

दुसऱ्या दिवशी दुपार टळत आली तरी मोबाइल वाजेना. मुलींची जेवणं झाली, भांडी झाली. शेवटी मी पर्स उचलली आणि पोशेऱ्याची जीप धरायला फाटकाबाहेर पडले. तेवढ्यात वाजला. काडीपेटी! असा संताप आला माणसाचा की भर रस्त्यात पदराने डोळे पुसत उभी राहिले.